केवड्याचे पाणी, केवड्याचे तेल: घरी काय होते आणि काय विकतच घ्यावे लागते

'केवड्याचे तेल' या एकाच नावाखाली बाजारात निदान पाच वेगवेगळ्या वस्तू विकल्या जातात, आणि त्यांचा वापर एकमेकींच्या जागी केल्यामुळे बहुतेक घोटाळे होतात. कोणी अत्तराचे दोन थेंब खिरीत टाकतो, कोणी खाण्याचा इसेन्स केसांच्या तेलात मिसळतो, आणि कोणी दीडशे रुपयांची बाटली आणून तिला शुद्ध अर्क समजून देवघरात जपून ठेवतो. म्हणून कृतीकडे वळण्याआधी नावे नीट लावून घेणे बरे.

पहिली वस्तू म्हणजे रूह. केवड्याच्या कणसांतून वाफेच्या मदतीने काढलेले निखळ सुगंधी तेल ते हेच, आणि शेकडो कणसे भट्टीत घातल्यावर त्याचे काही थेंबच हाती येतात. दुसरी वस्तू अत्तर. त्यात केवड्याची वाफ चंदनाच्या तेलात मुरवलेली असते, निदान जुन्या रीतीने ती तशी असावी लागते. तिसरे केवडाजल, म्हणजे वाफ थंड होऊन जमलेले सुवासिक पाणी. चौथे फुलेल, म्हणजे फुलांच्या वासात मुरवलेल्या तिळांचे किंवा फुले घालून ठेवलेले साधे खाद्यतेल. पाचवा इसेन्स, जो प्रयोगशाळेत तयार केलेल्या सुगंधी द्रव्याचा असतो आणि ज्याचा झाडाशी नावापुरताच संबंध असतो. यांपैकी केवडाजल आणि फुलेल ही दोन आपल्या स्वयंपाकघरात उत्तम होतात. रूह घरी होत नाही, आणि ती होते असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

केवड्याचे शास्त्रीय नाव पँडानस ओडोरिफर. कोकणात तो पुळणीच्या कडेने, खाजणाच्या बांधावर, व्हाळाच्या काठी आणि आगराच्या कुंपणाला आढळतो. दिवेआगरच्या किनाऱ्यावर सुरूच्या जोडीने त्याची बने आहेत. खोडापासून तिरक्या उतरणाऱ्या आधारमुळांमुळे तो वाळूत घट्ट उभा राहतो आणि वाळू धरून ठेवतो, त्यामुळे किनाऱ्यावरच्या बनातला केवडा हा बांधाइतकाच उपयोगाचा असतो. पानांच्या दोन्ही कडांना आणि खालच्या बाजूने मधल्या शिरेवर काटे असतात, ही गोष्ट एकदा हात घातल्यावर कोणी विसरत नाही.

या झाडात नर आणि मादी वेगवेगळी असतात, आणि सगळा सुगंध नराचा आहे. पिवळसर पांढऱ्या, लांब, टोकदार पानांत गुंडाळलेला जो तुरा आपण 'केवड्याचे कणीस' म्हणून घरी आणतो तो नर झाडाचा फुलोरा होय. ती पाने म्हणजे फुलोऱ्याची आवरणे असतात, आणि आत परागाने भरलेल्या मंजिऱ्या असतात. मादी झाडाला अननसासारखे दिसणारे फळ लागते. ते पाहून पर्यटक हरखतात, पण वासाच्या दृष्टीने त्याचा काही उपयोग नाही. केवडा आणि केतकी हे शब्द कुठे एकाच अर्थाने, तर कुठे नर-मादीचा किंवा रंगाचा भेद दाखवण्यासाठी वापरतात, त्यामुळे कणीस मागताना नावापेक्षा वासावर भरवसा ठेवावा.

गणपतीच्या 21 पत्रींत केवड्याचे पान आहे, पण ब्रह्मदेवाच्या बाजूने खोटी साक्ष दिल्याच्या कथेमुळे शंकराच्या पूजेत केतकी वर्ज्य मानली जाते. मुघल बादशहा बाबराने आपल्या आठवणींत या फुलाच्या वासाला ओली कस्तुरी म्हटले आहे. कस्तुरीचा वास कोरडा असतो, याचा तसा नाही, असा त्याचा मुद्दा होता. आणि भाद्रपदातल्या दमट हवेत केवड्याचा वास घेतलेल्या माणसाला तो लगेच पटेल.

सुगंधाचा व्यापार मात्र आपल्या किनाऱ्यावर नाही, तो पूर्व किनाऱ्यावर आहे. ओडिशातील गंजाम जिल्हा हे केवड्याच्या अर्काचे देशातील मुख्य ठिकाण असून तिथल्या केवड्याच्या फुलाला आणि रूहला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. तिथे पहाटे तोडलेली कणसे त्याच दिवशी गावातल्या भट्टीवर पोचतात. भट्टीचे साहित्य उत्तर भारतातल्या कनौजच्या अत्तरवाल्यांकडे असते तसेच: तांब्याची मोठी 'देग', तिच्या तोंडाला मातीने आणि कापडाने लिंपून जोडलेला बांबूचा पोकळ 'चोंगा', आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला पाण्याच्या हौदात बुडवलेला 'भपका'. भपक्यात चंदनाचे तेल असले तर अत्तर होते. ते नसले तर केवडाजल जमते, आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा नव्या फुलांवर ऊर्ध्वपातित करून त्यावर तरंगणारी रूह वेगळी केली जाते. कोकणात कणीस बाजारात जाते ते पूजेसाठी आणि वेणीसाठी, त्यामुळे भट्टीचे काम आपल्याला टोपातच करावे लागते.

कणीस निवडणे

वर्षातून दोन-तीनदा केवडा फुलतो, पण पावसाळ्यातला, साधारण जुलैपासून ऑक्टोबरपर्यंतचा बहर सर्वांत मोठा असतो. पाण्यासाठी किंवा तेलासाठी घ्यायचे कणीस नुकते सैल होऊ लागलेले, म्हणजे टोकाकडची आवरणे किंचित सुटलेली पण आतला पराग अजून न सांडलेला असे हवे. पूर्ण मिटलेल्या कणसाला वास कमी असतो. पूर्ण उमललेल्याचा बराचसा वास वाऱ्यावर गेलेला असतो आणि त्यात पिवळा पराग, मुंग्या व बारीक किडे भरपूर असतात. देठाकडचा भाग तपकिरी पडला असेल तर ते कणीस शिळे समजावे. ते देवाला चालेल, टोपात चालणार नाही.

तोडायचे ते उजाडता उजाडता. उन्हे चढली की सुगंधी द्रव्ये उडून जाऊ लागतात, आणि तोडल्यानंतरही ही घट थांबत नाही, म्हणून आठवडाबाजारात दुपारी मिळालेल्या कणसापेक्षा परसातले सकाळचे कणीस केव्हाही सरस ठरते. लांब बाह्यांचा सदरा, जाड हातमोजे आणि गमबूट घालून, आकडीने फांदी खाली ओढून कोयतीने देठ कापावा. केवड्याच्या वासाने नाग येतो असे आपल्याकडे सगळेच सांगतात. बनाच्या दाट गचपणात उंदीर-बेडूक असतात आणि लपायला जागा असते, म्हणून तिथे साप असतात. फुलाच्या वासाचे त्यांना काही कौतुक नसावे. सावधगिरी मात्र खरी आहे, तेव्हा आधी काठीने झुडपाचा तळ हलवून घ्यावा. झाड दुसऱ्याच्या कुंपणातले असेल तर विचारल्याशिवाय कोयती लावू नये, आणि किनाऱ्यावरच्या बनातल्या फांद्या तोडून वाट करू नये.

केवडाजल काढण्याची कृती

सुगंधी द्रव्ये शंभर अंशांपेक्षा कितीतरी जास्त तापमानाला उकळतात. केवड्यातला मुख्य घटक, फेनिलइथाइल मिथाइल ईथर, हा जवळजवळ 190 अंशांना उकळणारा आहे. तरीही तो पाण्याबरोबर शंभर अंशांच्या आतच वाफेत येतो, कारण एकमेकांत न मिसळणाऱ्या दोन द्रवांच्या वाफेचा दाब एकत्र मोजला जातो आणि ती बेरीज हवेच्या दाबाइतकी झाली की दोन्ही सोबत उकळतात. सगळी अत्तरविद्या या एका गोष्टीवर उभी आहे. त्यातून घरच्या कामासाठी दोन नियम निघतात: आच मंद ठेवायची, कारण मोठ्या आचेने वाफ जास्त होते पण सुगंध जास्त होत नाही; आणि वाफ लगेच थंड करायची, कारण थंड न झालेली वाफ म्हणजे गमावलेला वास.

एका मध्यम कणसासाठी आठ-दहा लिटरचा स्टीलचा टोप घ्यावा. ॲल्युमिनियम नको. त्याला असे झाकण हवे की जे उलटे ठेवल्यावर मध्यभागी खोलगट होईल आणि ज्याची मूठ खाली येईल, म्हणजे थेंब तिथूनच ठिबकतील. टोपाच्या तळाशी मधोमध एक जड वाटी पालथी घालावी आणि तिच्यावर रुंद तोंडाचे स्टीलचे भांडे ठेवावे; पाणी या भांड्याच्या काठाच्या बरेच खाली राहिले पाहिजे. कणसाची पाने सोडवून, काटे कात्रीने काढून, विळीवर बोटभर तुकडे करावेत. आतल्या मंजिऱ्या टाकून देऊ नयेत, कारण वासाचा मोठा वाटा त्यांत असतो. फक्त त्या हलके झटकून किडे काढावेत. धुवायचे झाल्यास एकदाच, पटकन, गार पाण्यात.

तुकडे भांड्याच्या भोवती पसरून दीड लिटर स्वच्छ पाणी ओतावे. विहिरीचे पाणी मचूळ असेल, जसे खाडीजवळच्या गावांत उन्हाळ्यात होते, तर पिण्याचे गाळलेले पाणी वापरावे. अर्धा तास तसेच भिजू द्यावे, मग झाकण उलटे ठेवून त्याच्या आणि टोपाच्या काठाला घट्ट मळलेल्या कणकेचा बांध घालावा. झाकणावर वजन ठेवू नये; वाफ कोंडली तर झाकण किंचित उचलून तिला वाट मिळाली पाहिजे. याच कारणाने बंद शिट्टीचा कुकर या कामाला कधीही वापरू नये. झाकणाच्या खोलगट भागात बर्फ भरावा आणि गॅस लावावा.

पाणी उकळू लागल्याचा आवाज आला की आच अगदी मंद करावी. वरचा बर्फ वितळला की ते पाणी पेल्याने उपसून नवा बर्फ घालावा. त्यासाठी झाकण उघडण्याची गरज नाही. साधारण पाऊण तासात आतल्या भांड्यात 200 ते 250 मिलीलिटर पाणी जमते, आणि इथे थांबायचे. माझ्या पहिल्या प्रयत्नात अर्धा लिटर मिळवण्याच्या हव्यासापायी मी दीड तास आच चालू ठेवली होती, आणि शेवटी हाती आले त्याला केवड्यापेक्षा उकडलेल्या गवताचा वास जास्त होता. पहिले पाणी सर्वांत सुवासिक असते. नंतरचे त्याला पातळ करत जाते.

टोप पूर्ण निवल्यावरच कणकेचा बांध सोडवावा. उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटलीत पाणी काठोकाठ भरून फ्रीजमध्ये ठेवावे. ताज्या पाण्याला पहिल्या दिवशी थोडा उग्र, शिजल्यासारखा वास येतो; तो दोन-तीन दिवसांत बसतो, तेव्हा घाई करून ते फेकू नये. त्यात संरक्षक द्रव्य नसल्यामुळे ते तीन-चार आठवड्यांत संपवावे, आणि गढूळपणा, तार किंवा बुरशीचा ठिपका दिसला तर ते लगेच टाकून द्यावे.

पाणी अधिक तीव्र हवे असेल तर दुसऱ्या दिवशी नवे कणीस आणावे आणि साध्या पाण्यात कालचे केवडाजल मिसळून पुन्हा तीच कृती करावी. रूह काढणारेही हेच करतात, फक्त शेकडो कणसांवर. पृष्ठभागावर तेलाचा एखादा चमकता ठिपका दिसला तर आनंद मानावा, पण तो वेगळा करण्याच्या खटपटीत पडू नये. बाटली हलवून तो पाण्यातच ठेवावा.

तेल

घरगुती तेलाच्या दोन रीती आहेत. सोपी रीत खोबरेल तेलाची. कणसाची पाने सावलीत पाच-सहा तास कोमेजू द्यावीत, कारण पानातले पाणी तेलात उतरले की तेल खवट होते. मग बारीक तुकडे करून ते बरणीत भरावेत, कोमट खोबरेल इतके ओतावे की सर्व बुडेल, आणि बरणीच्या तोंडाला पातळ फडके बांधून दोन दिवस ठेवावे. गाळून घेतलेल्या तेलात पुन्हा नवे कणीस घालावे. तीन कणसांनंतर वास येतो, पण तो मंद असतो आणि खोबरेलाचा स्वतःचा वास त्याच्या आड येत राहतो, म्हणून ही रीत मी फारशी सुचवत नाही.

दुसरी रीत जुन्या फुलेलाची, आणि ती खरोखर करण्यासारखी आहे. स्वच्छ, कोरडे, पॉलिश न केलेले पांढरे तीळ घेऊन डब्यात तिळांचा एक थर आणि केवड्याच्या कोमेजलेल्या पानांचा एक थर असे भरत जावे. रोज पाने बदलून तीळ एकदा पंख्याखाली पसरून कोरडे करावेत, नाहीतर पावसाळ्यात त्यांना बुरशी लागायला दोन दिवस पुरतात. असे पाच-सहा दिवस केले की तिळातले तेल वास धरून ठेवते. मग ते तीळ लाकडी घाण्यावर काढून आणावेत. घाण्यावर किमान किती किलो घेतात हे आधी विचारून त्या हिशेबाने तीळ आणावेत. दोन वाट्या तीळ घेऊन गेल्यास घाणेवाला हसतो. हे तेल केसांना आणि अंगाला लावण्यासाठी आहे. डोकेदुखीवर आणि सांधेदुखीवर केवड्याचे तेल चोळण्याची परंपरा जुनी आहे. चोळण्याने आणि वासाने बरे वाटते इतकेच त्यातून घ्यावे, औषधाच्या जागी ते वापरू नये.

कुठे किती वापरावे

स्वयंपाकात फक्त केवडाजल किंवा 'खाण्यासाठी' असे स्पष्ट छापलेला इसेन्स वापरावा. अत्तर आणि फ्रॅग्रन्स ऑइल (केवळ वासासाठीचे कृत्रिम तेल) कधीही पोटात जाऊ देऊ नये. चार वाट्या खिरीला किंवा बासुंदीला घरचे पाणी दोन चमचे पुरते, आणि ते गॅस बंद केल्यावर घालावे. बिर्याणीत ते दमाच्या आधी वरच्या थरावर शिंपडतात. उकडीच्या मोदकाच्या सारणात मात्र केवडा घालू नये असे माझे ठाम मत आहे: ओले खोबरे, गूळ आणि वेलची यांचा जो मेळ जमलेला असतो तो केवडा पार मोडून टाकतो. विड्यासाठी ओल्या काताच्या गोळ्या केवड्याच्या कणसात भरून ठेवण्याची जुनी पद्धत यापेक्षा कितीतरी समंजस आहे, कारण कात वास घेतो आणि बाकीचा विडा तसाच राहतो.

येथे एका भावंडाचा उल्लेख करायला हवा. परसात 'अन्नपूर्णा' म्हणून जे हिरवे पान लावतात आणि भात शिजताना त्यात घालतात ते केवड्याच्याच कुळातले, पँडानस ॲमॅरिलिफोलियस. त्याचा वास बासमती-आंबेमोहोराचा असतो, केवड्याचा नसतो, आणि तो फुलात नसून पानात असतो. एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

विकतची रूह त्वचेवर नुसती लावू नये. 30 मिलीलिटर तिळाच्या किंवा बदामाच्या तेलात सहा थेंब, म्हणजे साधारण एक टक्का, हे प्रमाण पुरेसे आहे. आधी कोपराच्या आतल्या बाजूला एक थेंब लावून एक दिवस थांबावे. तान्ह्या मुलांना लावू नये, गरोदरपणात डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, आणि घरात दम्याचा रुग्ण असेल तर परागाने भरलेले कणीसही त्याच्या खोलीत ठेवू नये. कपड्यांसाठी तेल लागतच नाही: वाळलेले एक पान मलमलीत गुंडाळून शालूंच्या घडीत ठेवले की पुढच्या गणपतीपर्यंत पेटी उघडताना वास येतो.

विकत घेताना

केवड्याच्या तेलात भेसळ ओळखणे अवघड आहे, आणि त्याचे कारण रसायनशास्त्रात आहे. अस्सल रूहचा निम्म्याहून अधिक भाग वर सांगितलेल्या एकाच ईथरचा असतो, आणि तो ईथर कारखान्यात स्वस्तात तयार होतो. तरीही अस्सल तेलात टर्पिनेन-4-ऑल सारखे इतर घटक असतात, ज्यांच्यामुळे गोड वासाच्या खाली एक हिरवी, किंचित मसालेदार छटा लागते. कागदाच्या पट्टीवर थेंब टाकून तासाभराच्या अंतराने तीनदा वास घ्यावा. अस्सल वास बदलत जातो, कृत्रिम वास गोडच राहून अचानक संपतो. पाण्यात थेंब टाकून पाहण्याच्या परीक्षेला अर्थ नाही, कारण भेसळीचे तेलही तरंगते. सर्वांत भरवशाची खूण किंमत आहे: रूह ग्रॅमवर आणि तोळ्यावर विकली जाते, त्यामुळे काही शे रुपयांत 100 मिलीलिटर देणारा दुकानदार दुसरेच काहीतरी देत असतो. अत्तर घेताना आधाराला चंदनाचे तेल आहे की पॅराफिन, म्हणजे बिनवासाचे खनिज तेल, हे सरळ विचारावे. चंदन महाग झाल्यापासून पॅराफिनचाच वापर अधिक होतो. ते सांगून विकले तर त्यात फसवणूक नाही, पण किंमत चंदनाची लावू नये.

परसात झाड लावायचे असेल तर बियांच्या मागे लागू नये, कारण बीचे झाड नर निघेल की मादी हे फुलल्याशिवाय कळत नाही. ज्या झाडाचे कणीस आपण पाहिले आणि हुंगले आहे त्याच्याच बुडाचा, मुळे फुटलेला फुटवा पावसाच्या सुरुवातीला काढून लावावा. दोन फुटव्यांत आठ-दहा फुटांचे अंतर ठेवावे आणि पायवाटेपासून लांब, गडग्याच्या बाहेरच्या अंगाला जागा द्यावी. खारा वारा त्याला चालतो, पाणी तुंबलेले कोवळ्या रोपाला चालत नाही. पहिले कणीस यायला तीन-चार वर्षे लागतात. तोवर वरची वाळलेली पाने दरवर्षी कापून बुंधा मोकळा ठेवावा, म्हणजे पुढे आकडी लावताना खाली काय आहे ते दिसते.